तपासणी नाक्यावर स्फोटकं शोधताना: माणसं, सामान आणि वाहनं तपासण्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

मेटल डिटेक्टरला स्फोटक कळत नाही. त्याला धातू कळतो, एवढंच. एक्स-रे मशीनला वस्तूचा आकार, घनता आणि पदार्थाचा ढोबळ प्रकार कळतो. स्वॅब (हात किंवा सामान पुसायचा कापडाचा तुकडा) तपासणाऱ्या यंत्राला त्या तुकड्यावर आलेले कण कळतात, श्वानाला वास कळतो. प्रत्येक साधन एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. बाकीची उत्तरं रक्षकानं हातानं, डोळ्यानं आणि विचारून मिळवायची असतात.

प्रत्यक्षात दिसतं ते असं: मेटल डिटेक्टरची दारासारखी चौकट वाजते, माणूस ‘बेल्ट आहे’ म्हणतो, रक्षक मान हलवतो आणि माणूस आत जातो. यंत्रानं त्याचं काम केलं, तपासणी मात्र झालीच नाही. खाली दिलेल्या सगळ्या टप्प्यांमागे एकच नियम आहे: शंका आली की तिचं कारण डोळ्यांनी दिसेपर्यंत माणूस, पिशवी किंवा गाडी पुढे सरकत नाही.

## टप्पा १: नाक्याची मांडणी

यंत्रं मागवण्याआधी जागा आखा. नाका तीन पट्ट्यांत विभागलेला असावा: न तपासलेल्यांची बाजू, तपासणीची जागा आणि तपासलेल्यांची बाजू. पहिल्या आणि तिसऱ्या पट्टीतल्या माणसांना एकमेकांच्या हातात काही देता येता कामा नये. कमरेएवढी दोरी बांधून हे साधत नाही, कारण दोरीवरून पिशवी सहज जाते. भरीव आडोसा हवा, किंवा हात पोचणार नाही इतकं अंतर हवं.

रांग हीसुद्धा गर्दीच आहे. आतली इमारत सुरक्षित करताना दाराबाहेर दोनशे माणसं खेटून उभी राहत असतील, तर तुम्ही धोका फक्त बाहेर सरकवला. म्हणून रांग काचेच्या दर्शनी भिंतीला लावू नका, वाहनांच्या रस्त्याला समांतर खेटून नेऊ नका, आणि गर्दीच्या वेळी मार्गिका वाढवा. गर्दी वाढली म्हणून तपासणी ढिली करणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. पर्यवेक्षकानं आधीच ठरवून ठेवावं की रांग अमुक खुणेच्या पुढे गेली की दुसरी मार्गिका उघडायची.

वाहनांसाठी मुख्य अडथळ्याच्या आधी परत फिरण्याची जागा लागते. ती नसेल तर नाकारलेली गाडी आत घेऊनच वळवावी लागते, आणि मग नाकारण्याला काही अर्थच उरत नाही. वेग कमी करायला नागमोडी मांडलेले काँक्रीटचे ठोकळे, त्यापुढे पहिला बूमबॅरियर (वर-खाली होणारा आडवा दांडा), मग तपासणीची जागा आणि शेवटी खरा अडथळा. दोन्ही बॅरियर एकाच वेळी कधीही उघडे नसावेत. बूमबॅरियर सूचना देतो, गाडी अडवत नाही. अडवण्याचं काम बोलार्ड (जमिनीत रोवलेले भक्कम खांब), रस्त्यातून वर येणारा पोलादी अडथळा किंवा खंदकच करतो.

किमान माणसं: माणसांच्या एका मार्गिकेवर रांग सांभाळणारा एक, चौकटीपाशी एक, हातातल्या डिटेक्टरवर एक पुरुष आणि एक स्त्री, एक्स-रेवर एक, बॅग उघडणारा एक. वाहनांच्या मार्गिकेवर तपासणारे दोघं, आणि थोड्या अंतरावर आडोशाला उभा राहून फक्त पाहणारा तिसरा. या तिसऱ्याला ‘जरा हात लाव’ म्हणून बोलावू नका. त्याचं काम पाहणं आणि अडथळ्याचं बटण दाबणं एवढंच.

> सावध: झडतीचा अधिकार कुणाला किती आहे, हे नाका सुरू होण्याआधी लेखी घ्या. खासगी रक्षकाची तपासणी साधारणपणे संमतीवर चालते. नकार देणाऱ्याला आत सोडायचं नाही, पण बळजबरीही करायची नाही. पर्यवेक्षकाला बोलवायचं.

## टप्पा २: पाळी सुरू होण्याआधीची अर्धी घटका

यंत्राचा दिवा हिरवा आहे म्हणजे यंत्र काम करतंय, असं नाही.

चौकट. खाली सपाट, न हलणारी जमीन हवी. जवळ लोखंडी फाटक, लिफ्ट, सरकता जिना किंवा जाड वीजवाहिनी असेल तर चौकट उगाच वाजते. मग कंटाळून कुणीतरी संवेदनशीलता कमी करून ठेवतं, आणि ती पुन्हा वाढवायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. रोज पहिल्यांदा तपासणीचा ठरलेला धातूचा नमुना-तुकडा घ्या. अंगावर दुसरा कसलाही धातू नसलेल्या रक्षकानं तो घोट्यापाशी, कमरेच्या मागे आणि काखेत असा आळीपाळीनं ठेवून चौकटीतून जायचं. प्रत्येक जागी पुन्हा पुन्हा जा. एखाद्या वेळीही वाजायची राहिली तर ती चौकट बंद आणि तंत्रज्ञाला निरोप. नमुन्याच्या जागी स्वतःच्या किल्ल्या वापरू नका. किल्ल्यांवर चौकट वाजते, पण त्यातून ती ठरवलेल्या पातळीवर लावलेली आहे का हे कळत नाही.

हातातला डिटेक्टर. बॅटरी, मग नमुना-तुकडा, मग धातू शोधणाऱ्या वेढ्यावर (कॉइलवर) तडा गेला आहे का ते. बॅटरी उतरली की काही यंत्रांचा आवाज बारीक होतो आणि गोंगाटात ऐकूच येत नाही. थरथरण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा.

एक्स-रे. निर्मात्यानं दिलेली चाचणी-पेटी पट्ट्यावरून सोडा. पातळ तारा आणि पायऱ्यांच्या आकाराचे धातूचे तुकडे ठरल्याइतके दिसतात का, ते पडद्यावर पाहून नोंदवा.

स्वॅब यंत्र. ते तापायला वेळ लागतो, म्हणून सर्वांत आधी चालू करा. तापल्यावर निर्मात्याचा पडताळणी-नमुना, त्यानंतर कोरा स्वॅब. नमुन्यावर यंत्र वाजलं पाहिजे आणि कोऱ्यावर गप्प राहिलं पाहिजे. दोन्ही झाल्याशिवाय पहिला माणूस घेऊ नका.

वाहनाखालचा आरसा. काच पुसा आणि दांड्याचा टॉर्च पेटतो का ते बघा. हे इतकं साधं आहे की ते कुणी करत नाही, आणि मग चिखलानं माखलेल्या आरशात रात्रभर अंधार बघितला जातो.

> सावध: अँटेना फिरवून दुरूनच स्फोटक ओळखणारं, बॅटरी न लागणारं यंत्र कुणी दाखवलं तर ते घेऊ नका. एडीई ६५१ नावाची अशी बनावट यंत्रं इराकमधल्या नाक्यांवर वापरली जात होती. ती विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. नव्या यंत्राची परीक्षा अशी घ्या: नमुना कुठे ठेवलाय हे यंत्र हाताळणाऱ्याला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही माहीत नसावं.

## टप्पा ३: चौकटीतून माणूस नेणं

१. चौकटीच्या आधी, रांगेतच, खिसे रिकामे करायला सांगा. मोबाइल, किल्ल्या, नाणी, बेल्ट, घड्याळ ट्रेमध्ये. चौकटीपाशी सांगितलं तर तिथेच गर्दी तुंबते.

२. जड कोट आणि जाकीट काढून ट्रेमध्ये. टोपीसुद्धा.

३. एका वेळी एकच माणूस. आधीचा माणूस बाहेर पडून दोन पावलं पुढे गेल्यावर दुसऱ्याला बोलवा. दोघं चिकटून गेले तर चौकट कुणासाठी वाजली ते कळत नाही, आणि रक्षक अंदाजानं एकाला निवडतो.

४. नेहमीच्या चालीनं जायचं. धावत किंवा चौकटीला घासत गेलेल्याला परत मागे पाठवा.

५. वाजलं तर मागे पाठवून ‘आणखी काही राहिलंय का’ विचारा आणि पुन्हा एकदा चौकटीतून घ्या. दुसऱ्यांदा वाजलं की तिसरी संधी नाही, थेट हातातला डिटेक्टर आणि झडती.

बऱ्याच चौकटींवर शरीराच्या कुठल्या उंचीला वाजलं ते दाखवणारे दिवे असतात. ते दिशा दाखवायला आहेत. घोट्याचा दिवा लागला म्हणून फक्त घोटाच तपासायचा नाही. त्या जागेपासून सुरुवात करा, पण तपासा पूर्ण शरीर.

न वाजलेल्यांमधूनही काही जणांना पूर्ण तपासणीसाठी निवडायचं असतं, कारण चौकट फक्त धातूबद्दल बोलते. ही निवड रक्षकाच्या मर्जीवर सोडू नका. मर्जीवर सोडली की कपडे, दाढी, भाषा, जात-धर्म यांवर निवड होऊ लागते, आणि तिचा अंदाज बाहेरच्याला सहज येतो. ‘दर दहावा माणूस’ हाही नियम नको, रांगेतला कुणीही तो मोजू शकतो. यंत्राचीच यादृच्छिक निवड वापरा, किंवा पिशवीतून रंगीत सोंगट्या काढण्याइतकी साधी पद्धत ठेवा.

## टप्पा ४: हातातला डिटेक्टर आणि अंगझडती

इथे घाई सर्वाधिक दिसते. डिटेक्टर पोटासमोर दोनदा ओवाळला की झालं, असा समज असतो. आरती ओवाळून धातू सापडत नाही.

माणसाला खुणेच्या पावलांवर उभं करा, पाय खांद्याएवढे फाकवून, हात बाजूला. ‘मी आता डिटेक्टर फिरवतो, वाजलं तर त्या जागी हात लावून बघेन, चालेल ना?’ एवढं आधी बोला. दुखणं, शस्त्रक्रिया, अंगात बसवलेलं यंत्र आहे का, हेही इथेच विचारा.

डिटेक्टर अंगापासून २ ते ५ सेंटिमीटरवर ठेवा, कपड्याला टेकवू नका. क्रम असा:

१. उजव्या खांद्यापासून हाताच्या वरच्या बाजूनं मनगटापर्यंत, खालच्या बाजूनं परत काखेत.
२. काखेतून बरगड्या, कंबर, मांडीच्या बाहेरून घोट्यापर्यंत.
३. त्याच पायाच्या आतल्या बाजूनं वर, दुसऱ्या पायाच्या आतून खाली, मग बाहेरून वर डाव्या काखेत आणि डाव्या हातावर.
४. समोरचं धड: गळ्यापासून कमरेपर्यंत उभे पट्टे, शेजारचे पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले.
५. माणसाला वळवून पाठीकडून तेच, कमरेच्या खोलगट भागावर थोडं थांबून.
६. डोकं, केसांचा अंबाडा आणि शेवटी पायताण.

दरवेळी याच क्रमानं. मध्येच वाजलं तर थांबा, कारण शोधा, आणि वाजलेल्या जागेवरून पुन्हा डिटेक्टर फिरवा. बकल सापडलं म्हणजे आवाज बकलाचाच होता असं नाही. बेल्ट काढून पुन्हा फिरवल्यावर गप्प राहिला, तरच तो बकलाचा.

अंगझडती स्त्रीची स्त्रीनं, पुरुषाची पुरुषानं. तृतीयपंथी व्यक्तीला कुणाकडून तपासणी हवी ते तिला विचारा. खासगी आडोसा मागितला तर द्या, पण आत कायम दोन रक्षक असावेत. हातमोजे नवे. तळहात कपड्यावर चपटा ठेवून हलकासा दाब देत सरकवा. थोपटत गेलात तर दोन थापांच्या मधली जागा सुटते. संवेदनशील भागांवर हाताची मागची बाजू वापरा. कॉलर, कमरपट्टीची पूर्ण घडी, काखा, पाठीचा खोलगट भाग, पायमोजांची वरची कड, पायताणाचा तळ या जागा सुटतात, कारण तिथे हात घालायचा संकोच वाटतो.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं यंत्र असलेल्याच्या छातीवर हातातला डिटेक्टर धरू नका. त्या यंत्राचं कार्ड पाहा आणि हातानं झडती घ्या. कार्ड दाखवलं म्हणून तपासणी माफ होत नाही, फक्त पद्धत बदलते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला उठायला लावू नका. बसल्या जागी झडती, आणि खुर्चीची गादी, हातपट्ट्या, चौकट यांवर स्वॅब. पगडी किंवा धार्मिक शिरोवस्त्र असेल तर हात लावण्याआधी विचारा. त्या व्यक्तीलाच स्वतःच्या हातांनी शिरोवस्त्र दाबून घ्यायला सांगायचं आणि मग तिच्या हातांचा स्वॅब घ्यायचा, ही पद्धत सन्मानानं पार पडते.

> तपासून बघा: या माणसाला सोडताना ‘कुठे वाजलं आणि कशामुळे’ हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर तपासणी संपलेली नाही.

## टप्पा ५: सामान

पट्ट्यावर पिशव्यांमध्ये अंतर हवं. एकावर एक चढलेल्या दोन पिशव्यांचं चित्र म्हणजे कोडंच. बॅग आडवी, रुंद बाजू खाली. लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये.

बहुतेक मशीनवर सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधले किंवा मिश्र हिरवे दिसतात. किरण आरपारच जात नाहीत तिथे काळं. नारिंगी म्हणजे स्फोटक नव्हे: जेवणाचा डबा, पुस्तक, साबण, चामडं सगळंच नारिंगी असतं. धोका रंगात नाही, वस्तू एकमेकांना कशा जोडल्या आहेत त्या जोडणीत असतो. म्हणून पडद्यावर एकेक वस्तू ओळखत जा, आणि जी ओळखता येत नाही किंवा जिच्यातून आरपार दिसत नाही ती बॅग उघडा. ‘काळा डाग आहे, पण काहीतरी धातूचंच असेल’ असं मनात आलं की तेच बॅग उघडण्याचं कारण समजा. कोन बदलून पुन्हा एकदा फिरवली तर बरेचदा उलगडा होतो.

पडद्यासमोर डोळे थकतात आणि थकलेत हे कळत नाही. युरोपीय संघाच्या विमानतळ नियमांत सलग २० मिनिटांहून जास्त वेळ चित्रं पाहायची नाहीत आणि मग किमान १० मिनिटं पडद्यापासून दूर राहायचं, असं आहे. विमानतळ नसला तरी हा नियम घ्या. डोळे सगळीकडचे सारखेच.

बॅग हातानं उघडताना मालक समोर हवा, पण हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. पडद्यावर दिसलेली वस्तू नेमकी कुठे आहे हे एक्स-रेवाल्यानं बॅग उघडणाऱ्याला दाखवायचं. नाहीतर तो वरची छत्री पाहून ‘छत्रीच होती’ म्हणतो आणि बॅग बंद करतो. रिकामी केलेली बॅग पुन्हा एक्स-रेतून काढा आणि आतल्या वस्तूही वेगळ्या एक्स-रेतून काढा.

> सावध: पडद्यावर खरंच धोकादायक जोडणी दिसली तर पट्टा थांबवा आणि बॅग आतच राहू द्या. ती बाहेर काढून टेबलावर आणायची नाही, मालकाला परत द्यायची नाही. थेट टप्पा ९.

## टप्पा ६: स्वॅब घेणं

हे यंत्र डोळ्याला न दिसणाऱ्या कणांवर चालतं, म्हणून सगळं यश नमुना कसा घेतला त्यावर आहे. यंत्राला दोष दिला जातो, पण चूक बहुतेक वेळा हाताची असते.

१. नवे हातमोजे. उघड्या बोटांनी स्वॅबच्या मधल्या भागाला स्पर्श झाला की तो टाकून द्या.

२. जिथे हात वारंवार लागतो तिथे पुसा: बॅगेची मूठ, चेनचा पुढचा तुकडा, कुलूप, खिशाची आतली कड, लॅपटॉपचा कळफलक. माणसाचे तळहात आणि बोटांची पेरं, कमरपट्टा, खिशांच्या कडा. गाडीचं स्टिअरिंग, दाराची मूठ, गिअरचा दांडा, डिकीचं झाकण. बॅगेच्या मधोमध एकदा फिरवलेला स्वॅब म्हणजे नुसती धूळ.

३. दाब समान, दिशा एक. त्याच स्वॅबनं दहा ठिकाणं पुसू नका. निर्मात्यानं दिलेली मर्यादा पाळा.

४. ओल्या, तेलकट किंवा चिखलाच्या जागेवर स्वॅब घेतला तर यंत्राचं तोंड घाण होतं आणि पुढचे कित्येक नमुने बिघडतात.

५. यंत्र वाजलं की आधी कोरे स्वॅब घालून ते स्वच्छ झाल्याची खात्री करा, मगच दुसरा नमुना. हे टाळलं तर पुढचा निरपराध माणूसही वाजतो.

हृदयविकाराच्या काही औषधांत नायट्रोग्लिसरीन असतं, काही खतांत नायट्रेट असतं, आणि हे दोन्ही स्फोटकांतही वापरतात. त्यामुळे साध्या कारणानंही यंत्र वाजू शकतं. पण कारण ऐकून सोडायचं नसतं. स्पष्टीकरण लिहून घ्या, आणि माणूस व सामान पूर्ण तपासा: झडती, बॅग रिकामी करून एक्स-रे, दुसऱ्या जागेचा नवा स्वॅब. औषधाची पट्टी हातात दिसली, सामानात बाकी काही निघालं नाही, दुसरा स्वॅबही त्याच्याशी जुळला, तर पर्यवेक्षक निर्णय घेईल. रक्षकानं एकट्यानं नाही.

## टप्पा ७: वाहन

वाहन तपासणीत हमखास उलटा होणारा क्रम म्हणजे आरसा आधी आणि माणसं नंतर. गाडी चालू, चालक आत बसलेला, रक्षक खाली वाकून आरसा फिरवतोय. चालकानं पाय दाबला तर रक्षक गाडीखाली. म्हणून:

१. गाडी पहिल्या बॅरियरमागे थांबवा. रात्री आतला दिवा लावायला, हेडलाइट मंद करायला सांगा. कागदपत्रं, नंबरप्लेट आणि भेटीचं कारण इथेच जुळवा. मालवाहू गाडी असेल तर माल, पावती आणि सीलचा क्रमांक. अपेक्षित यादीत नसलेली गाडी इथूनच परत.

२. तपासणीच्या जागेवर घेऊन इंजिन बंद, हँडब्रेक वर, किल्ली बाहेर.

३. सगळे खाली. चालकानं स्वतःच्या हातानं सर्व दारं, बॉनेट, डिकी, डॅशबोर्डचा कप्पा उघडायचा. तुम्ही उघडायचं नाही. तो उघडत असताना त्याच्याकडे बघा. एखादं दार उघडायला टाळाटाळ करतोय का, मागच्या बाजूला जायला कचरतोय का, साध्या प्रश्नाला उत्तर बदलतोय का. घाबरणं हा एकटा पुरावा नव्हे, रक्षकांना पाहून पुष्कळ लोक घाबरतात.

४. प्रवाशांना बाजूला नेऊन टप्पा ३ आणि ४ प्रमाणे तपासा. त्यांनी गाडीपासून दूर आणि एकमेकांशी न बोलता थांबावं.

५. आता गाडी. पाच भाग: बाहेरून, खालून, इंजिन, आतली बैठक, डिकी किंवा मालाची जागा. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करून घड्याळाच्या दिशेनं फिरा आणि त्याच कोपऱ्यावर संपवा. मध्ये कुणी हाक मारली, फोन आला, तर तो भाग पुन्हा पहिल्यापासून.

बाहेरून. चाकांच्या कमानी, बंपरच्या मागची पोकळी, इंधन टाकीचं झाकण. रिकामी म्हणून सांगितलेली गाडी मागून खाली बसलेली दिसते का? दोन्ही नंबरप्लेट सारख्या आहेत का?

खालून. आरसा ठरावीक पट्ट्यांत सरकवा, दोन्ही बाजूंनी आणि पुढून-मागून. एका बाजूनं पाहिलं तर सायलेन्सरच्या पलीकडचं दिसत नाही. पाहायचं ते हे: धुळीनं माखलेल्या तळाशी एखादाच स्वच्छ चौकोन, जुन्या सांगाड्यावर ताजा रंग किंवा ताजं वेल्डिंग, नवे चकचकीत स्क्रू, चिकटपट्टी, कुठेही न पोचणारी वायर. गाडीचा तळ एकसारखा मळतो. मळ जिथे तुटतो तिथे थांबा. जमिनीत बसवलेला स्कॅनर असेल तर त्याच गाडीचं आधीचं चित्र शेजारी ठेवून तुलना करा. नुसतं नवं चित्र पाहून फारसं कळत नाही.

इंजिन. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरी कुठे जातात ते डोळ्यांनी माग काढा. काही ओढू नका, हलवू नका.

बैठक. सीटखाली, सीटच्या मागच्या खिशात, पायपुसण्याखाली, दारांच्या कप्प्यात, सनव्हायजरमागे. दाराचं आतलं आवरण सैल आहे का, काच पूर्ण खाली जाते का.

डिकी आणि माल. स्टेपनी उचलून बघा. बंद ट्रक किंवा व्हॅनची आतली लांबी बाहेरच्या लांबीशी ताडून पाहा. पावलं मोजली तरी पुरतं. फरक पडला तर मध्ये काहीतरी आहे. गाडीतलं सैल सामान गाडीत तपासायचं नाही, ते एक्स-रेकडे जातं.

दुचाकीचं सीट चालकाकडून उघडून घ्या, डिकी आणि हेल्मेटचं अस्तर बघा. रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी, ओळखीच्या साहेबांची गाडी या चार गाड्या बिनतपासणी आत जातात. त्यांच्यासाठी झटपट पण पूर्ण अशी वेगळी पद्धत लिहून ठेवा. रुग्ण आत असेल तर एक रक्षक सोबत आत बसून जाईल आणि तपासणी उतरवल्यावर होईल, असं काहीतरी आधी ठरलेलं असू द्या.

> तपासून बघा: दोघांपैकी प्रत्येकानं ‘माझी बाजू झाली’ असं मोठ्यानं म्हटल्यावरच दुसरा बॅरियर उघडतो. ‘त्यानं बघितलं असेल’ यात मधली जागा सुटते.

## टप्पा ८: श्वान असेल तर

श्वान कुठे आणि कोणत्या क्रमानं न्यायचा ते हँडलर (श्वान हाताळणारा) ठरवतो, पर्यवेक्षक नाही. वास वाऱ्यासोबत सरकतो, म्हणून हँडलर वाऱ्याच्या उलट दिशेनं सुरुवात करेल. त्याला जागा द्या, गाड्यांची इंजिनं आधीच बंद करा. उन्हात आणि डांबरावर श्वान लवकर थकतो आणि धापा टाकणारं नाक हुंगत नाही. त्याला सावली, पाणी आणि विश्रांती लागते. थोपटायचं नाही, खाऊ घालायचा नाही. श्वान जागेवर बसला, गोठला, तर ‘परत एकदा फिरव’ म्हणू नका. तो इशाराच समजून पुढचा टप्पा घ्या.

## टप्पा ९: संशयास्पद वस्तू सापडली तर

नाक्यावरच्या रक्षकाचं काम इथे संपतं. वस्तू उघडणं, उचलणं, वायर कापणं, वाळू किंवा पाणी टाकणं यातलं काहीही करायचं नाही. बॉम्बनाशक पथकाचं काम त्यांच्यासाठी सोडा.

१. हात थांबवा. ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं मागे या. गाडीत सापडली असेल तर दारं आहेत तशी उघडी सोडा आणि गाडी कुणालाही सुरू करू देऊ नका. ‘बाहेर नेऊन लावू’ हा सल्ला कुणीतरी देतोच.

२. वॉकीटॉकी किंवा मोबाइल तिथे वापरू नका. ब्रिटिश मार्गदर्शनात वस्तूपासून १५ मीटरच्या आत वापरायचा नाही, असं आहे. आधी लांब जा, मग बोला.

३. ओरडू नका. आधीच ठरलेला सांकेतिक शब्द पर्यवेक्षकाला द्या.

४. माणसं हलवा. त्याच मार्गदर्शनातली किमान अंतरं: हातात मावणाऱ्या वस्तूसाठी १०० मीटर, मोठ्या वस्तू किंवा लहान गाडीसाठी २०० मीटर, मोठ्या गाडीसाठी ४०० मीटर. अमेरिकी गृहसुरक्षा विभाग आणि एफबीआय यांच्या तक्त्यात उघड्यावर उभं राहण्याची अंतरं याहून पुष्कळ जास्त आहेत: सुटकेससाठी ५६४ मीटर, कारसाठी ५८० मीटर. जागा असेल तर मोठा आकडा घ्या. वस्तू दिसत असेल अशा ठिकाणी उभं राहू नका, आणि काचेपासून लांब, भक्कम भिंतीआड थांबा.

५. जमण्याची जागा आधी तपासून घ्या. गाड्यांच्या पार्किंगमध्ये माणसं गोळा करणं ही जुनी, हट्टी चूक आहे.

६. वस्तू पाहिलेल्या रक्षकाला जवळ ठेवा. काय दिसलं, नेमकं कुठे, किती वाजता, कुणाकडे, आणि संशय का आला, या पाच गोष्टी पथक येण्याआधी त्यानं कागदावर लिहाव्यात. जमलं तर चित्र काढावं. फोटोसाठी परत जायचं नाही.

विसरलेली पिशवी आणि ठेवलेली पिशवी यातला फरक कळायला तीन प्रश्न पुरतात. ती लपवून ठेवली आहे का? वायरी, बॅटरी, चिकटपट्टी असं उघड संशयास्पद काही दिसतंय का? त्या जागी सहसा असं सामान दिसतं का? बसस्थानकाच्या बाकावरची बॅग नेहमीची असते. जनित्राच्या मागे कोंबलेली नसते.

## टप्पा १०: नोंद आणि पाळीबदल

नोंदवहीत ‘सर्व ठीक’ लिहिणं बंद करा. प्रत्येक यंत्राची सकाळची चाचणी, किती वेळा वाजलं आणि प्रत्येकाचं काय निघालं, कुणाला नाकारलं, कुठली चौकट किती वेळ बंद होती, हे सगळं लिहा. दिवसाला शेकडो माणसं जाणाऱ्या चौकटीवर एकाही आवाजाची नोंद नसेल, तर ती चौकट बिघडलेली आहे किंवा वही खोटी आहे. पर्यवेक्षकानं अधूनमधून कुणालाही न सांगता नमुना-तुकडा घेतलेला माणूस रांगेत सोडावा आणि निकाल त्याच वहीत लिहावा.

पाळी बदलताना दोन्ही रक्षक यंत्रापाशी एकत्र उभे राहिल्याशिवाय जुन्यानं जागा सोडायची नाही. नवा रक्षक नमुना-तुकडा घेऊन चौकटीतून जातो, वाजल्यावर वहीत वेळ लिहितो, आणि मगच रांगेतल्या पुढच्या माणसाला हात करतो.